वाट अडवण्याचा अधिकार

अंगारकीच्या आदल्या रात्रीपासूनच गणपतीपुळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागातली मंडळी आंबा घाट उतरून येतात. कोणी निवळी फाट्यावरून जाकादेवी-चाफे मार्गे येतो, कोणी रत्नागिरी गाठून आरे-वारेच्या वळणांवरून. वाट कोणतीही धरली तरी सगळे येऊन पडतात ते डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या एका चिंचोळ्या पट्टीत. देऊळ तिथेच, किनारा तिथेच, लॉज, खानावळी, नारळ-प्रसादाची दुकाने तिथेच. आणि येणाऱ्यांच्या सहसा ध्यानात न येणारी गावकऱ्यांची घरेही तिथेच. अशा दिवशी वाहने वेशीबाहेर अडवावीच लागतात. त्याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद आहे तो अडवण्याच्या रीतीशी.

रस्त्यावर प्रत्यक्षात काय असते? पिवळे लोखंडी कठडे, त्यांवर एखाद्या सराफी पेढीची नाहीतर शिकवणी वर्गाची जाहिरात. ते कमी पडले की आडवा बांबू, रिकामी पिंपे, जांभ्याचे दोन-चार चिरे आणि त्यांना गुंडाळलेला काथ्या. बाजूला एक हवालदार आणि होमगार्डची दोन पोरे सकाळपासून उन्हात उभी. त्यांना सांगितलेले असते ते एवढेच, की गाडी पुढे सोडायची नाही. गावातला माणूस दुचाकीवर येतो आणि म्हणतो, "अहो साहेब, माझं घर पुढंच आहे." हवालदार म्हणतो, "सगळे असंच सांगतात." मग आधार कार्ड निघते. त्यावर पत्ता मुंबईचा असतो, कारण माणूस चाकरमानी आहे, आईला भेटायला आला आहे. आता हवालदाराने काय करावे? त्याला सोडले तर मागचे दहा जण गावचेच निघतील. अडवले तर एका माणसाला स्वतःच्या घरी जायला बंदी केल्यासारखे होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोघांपैकी कोणाच्याही हातात नियम सांगणारा कागद नसतो. निकाल लागतो तो आवाज कोणाचा मोठा, ओळख कोणाची वरपर्यंत, यावर.

तो कागद असलाच पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. रस्ता कोण बंद करतो, कोणत्या कायद्याने, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणाला सूट आहे आणि तक्रार कोणाकडे करायची, ही पाच उत्तरे ज्या बॅरिकेडपाशी लावलेली नाहीत ते बॅरिकेड पोलिसांनी उभे केलेले असले तरी माझ्या लेखी अतिक्रमणच आहे.

हे थोडे कडक वाटेल. म्हणून आधी बॅरिकेडच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो, कारण ते खरे आहे आणि मला मनापासून पटते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवच्या यात्रेत सुमारे ३०० माणसे गेली. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि मागून येणारी गर्दी थांबवण्याची सोय नाही. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्या दुर्घटनेची चौकशी केली. पुढची गोष्ट तर खुद्द पुळ्यातली. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात असताना मोठ्या लाटा किनारा ओलांडून दुकानांपर्यंत आल्या. माणसे जखमी झाली, सामान वाहून गेले, पळापळ झाली. त्या क्षणी देवळापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट गाड्यांनी चोंदलेली असती तर काय झाले असते याचा विचार ज्याने केला आहे, तो वाहने बाहेर थांबवायला विरोध करणार नाही. शिवाय पुळ्याचा देव असा, की त्याची प्रदक्षिणा म्हणजे आख्ख्या डोंगराला फेरी. जवळजवळ एक किलोमीटरची वाट, चालत घालायची. या क्षेत्राचा मूळ स्वभावच पायी चालण्याचा आहे. मोटार इथे पाहुणी. तिने वेशीवर थांबावे यात देवाचाही मान आहे आणि गावाचाही.

पण बॅरिकेड हवे म्हटल्यावर ते कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न संपत नाही, उलट सुरू होतो. आपल्याकडे याबाबत दोन वेगळे कायदे आहेत आणि रस्त्यावर त्यांची सर्रास सरमिसळ होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३४ प्रमाणे सक्षम अधिकारी रस्त्यावर अडथळे उभारायची परवानगी देऊ शकतो. ती कशासाठी? वाहन तात्पुरते थांबवून कायद्याचा भंग झाला आहे की नाही हे तपासण्यासाठी. म्हणजे नाकाबंदी. गाडी थांबवायची, पाहायची, सोडायची. एखाद्या रस्त्यावर दिवसभर वाहनांना मज्जाव करण्याची सत्ता हे कलम देत नाही. ती सत्ता मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता, लोकांची सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर वाहनांना बंदी घालू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्र नको, पण परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. आणि कलम ११६ खाली योग्य जागी फलकही लावावे लागतात.

याचा अर्थ सरळ आहे. एका दिवसाच्या बंदीसाठी सरकारने कामाचा बोजा अगदी हलका ठेवला आहे. मुंबईला फाइल पाठवायला नको, राजपत्राची वाट पाहायला नको. आदेश काढा, लोकांना कळवा, फलक लावा, झाले. इतके सोपे असूनही जिथे ते होत नाही तिथे अडचण कायद्याची नसते. सवयीची असते.

कागद नीट निघाला की काम किती सुरळीत होते याचा दाखला कोकणाला परका नाही. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालण्याचा आदेश शासन काढते. त्यात तारखा असतात, वेळा असतात, किती टनांपुढची वाहने हे असते, आणि दूध, भाजीपाला, औषधे, पेट्रोल-डिझेल, गॅस यांना सूट असते. वर्तमानपत्रात तो छापून येतो. ट्रकवाला आपला माल दोन दिवस आधी हलवतो किंवा नंतर. त्या बंदीवर नाराज असणारे असतीलच, पण 'आम्हाला कळलेच नाही' असे कोणी म्हणू शकत नाही. जी शिस्त राष्ट्रीय महामार्गावर पाळता येते ती गावच्या फाट्यावर का पाळता येऊ नये?

गावच्या फाट्यावर ती पाळली जात नाही याचे एक कारण असे, की पुळ्यात रस्त्याचा धनी कोण हेच सांगणे कठीण. येणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, काही जोडरस्ते जिल्हा परिषदेचे, वाडीतल्या वाटा ग्रामपंचायतीच्या. देवळाभोवतालची व्यवस्था संस्थानाची. किनाऱ्यावर मेरीटाइम बोर्डाचा संबंध, किनाऱ्याला लागून पर्यटन महामंडळाचे निवासस्थान. पोलिसांचे इथे दूरक्षेत्र आहे, ठाणे जयगडला. सणासुदीला जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक रत्नागिरीहून लक्ष घालतात. इतक्या जणांचा हात लागलेल्या जागेत बॅरिकेड कोणीही उभे करू शकतो आणि ते हटवायची जबाबदारी मात्र कोणावरच येत नाही. सण संपला तरी दोन कठडे कडेला तसेच पडून राहतात. रात्री त्यावर दुचाकी आदळते. पिंपे पुढच्या पावसापर्यंत गटाराशी लोळत असतात. ते उचलायला कोणाला सांगायचे, हे गावात विचारून पाहा.

मोठ्या शहरांचे कायदे या बाबतीत जुने आणि तपशीलवार आहेत. मुंबई महानगरपालिकेचा अधिनियम १८८८ सालचा. त्यात सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करायचा असेल तर आयुक्तांच्या सहीची सूचना किमान एक महिना आधी त्या रस्त्यावरच लावायची, रहिवाशांच्या लेखी हरकती घ्यायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच सभेने मंजुरी द्यायची, अशी तरतूद आहे. सूचना कचेरीतल्या फळ्यावर नाही, त्या रस्त्यावर. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, परक्या राजवटीत लिहिलेल्या कायद्यालाही एवढी जाण होती की जो रस्ता बंद होणार त्यावरून चालणाऱ्याला आधी विचारावे. गणपतीपुळ्यात सुट्टीच्या दिवशी गर्दी शहराची असते, पण कायद्याच्या लेखी ते खेडे आहे. शहराची गर्दी आणि खेड्याची यंत्रणा, या दोहोंच्या फटीत सगळे काम तोंडी आदेशावर चालते.

तोंडी आदेशाची किंमत कोण मोजतो, हेही पाहू. पुळ्याला सर्वांत जवळचे सरकारी उपचार म्हणजे मालगुंडचे प्राथमिक आरोग्य केंद्र. समुद्रात कोणी बुडाले, जीवरक्षकांनी किंवा किनाऱ्यावरच्या दुकानदारांनी बाहेर काढले, की त्याला आधी तिथे नेतात आणि तिथून लागले तर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात. आता ध्यानात घ्या, की माणसे बुडण्याचा धोका सर्वांत जास्त केव्हा असतो? गर्दीच्या दिवशी. आणि रस्ते बंद केव्हा असतात? त्याच दिवशी. म्हणजे ज्या तासाला रुग्णवाहिकेला मोकळी वाट सर्वांत जास्त हवी, त्याच तासाला ती वाट अडवलेली असते. हे अटळ नाही. एक मार्गिका कायम मोकळी ठेवायची, तिथला अडथळा एका माणसाला एका झटक्यात सरकवता येईल असा ठेवायचा, आणि ती मार्गिका कोणती हे आरोग्य केंद्राला, रुग्णवाहिकेच्या चालकांना आणि जीवरक्षकांना आदल्या दिवशी लेखी कळवायचे. चिरे रचून बंद केलेली वाट मिनिटभरात उघडत नाही. बुडालेल्या माणसाकडे मिनिटेच असतात.

यावर पोलिसांचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते झिडकारण्याजोगे नाही. ते म्हणतात, गर्दी आमचे कागद वाचून येत नाही. अचानक हजार गाड्या आल्या तर आम्ही आदेश काढत बसायचे की माणसे वाचवायची? खरे आहे. अचानक उद्भवलेल्या संकटात जो अधिकारी जागेवर आहे त्याने निर्णय घ्यावा. कायदाही त्याला ती मोकळीक देतो. पण अंगारकी अचानक येत नाही. ती पंचांगात असते. पंचांग वर्षाच्या सुरुवातीला घराघरात टांगलेले असते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्षाचा आठवडा, मे महिना, माघी आणि भाद्रपद चतुर्थी, यांतले काय अचानक आहे? ज्या दिवसाची तारीख वर्षभर आधी ठाऊक आहे त्याची आणीबाणी होऊ शकत नाही. तिला नियोजनच म्हणायला हवे, आणि नियोजन लेखी असते. खरी आणीबाणी वर्षातून एखादी येईल. तिच्या नावावर बाकीचे सगळे दिवस चालवू नयेत.

दुसरे एक उत्तर गावातूनच येते. लोकांना हवे आहे ना, मग कायद्याचा कीस कशाला काढता? या प्रश्नाला अमेरिकेतल्या बर्कली शहराचा अनुभव चांगले उत्तर देतो. तिथे १९७०च्या दशकात पालिकेने निवासी गल्ल्यांमधून भरधाव जाणारी वाहने रोखायला ठिकठिकाणी अडथळे उभारले. ते काढून टाकावेत असे प्रस्ताव मतदारांसमोर आले आणि मतदारांनी ते नाकारले. म्हणजे लोकमत अडथळ्यांच्या बाजूने होते. तरीही १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रमफर्ड विरुद्ध बर्कली या खटल्यात सांगितले, की वाहतुकीचे नियमन हा राज्याचा विषय आहे आणि राज्याने अधिकार दिल्याखेरीज शहराला असे अडथळे उभारता येत नाहीत. मग राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, शहरांना तो अधिकार दिला आणि अडथळे नियमात बसले. या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग शेवटचा आहे. कायदा पाळायला लावल्याने चांगले काम बुडाले नाही. ते पक्क्या पायावर आले.

ब्रिटनचा अनुभव याहून वेगळा आणि आपल्या जास्त कामाचा आहे. तिथल्या १९८४ च्या कायद्यात प्रायोगिक वाहतूक आदेशाची सोय आहे. रस्ता प्रयोग म्हणून बंद करता येतो, पण जास्तीत जास्त १८ महिने, आणि पहिल्या सहा महिन्यांत लोकांना हरकती नोंदवता येतात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, लंडनच्या अनेक भागांत घाईघाईने गल्ल्या वाहनांना बंद करण्यात आल्या. आधी लोकांशी बोलणे झाले नव्हते. वाँड्सवर्थमध्ये या बंद्या काही आठवड्यांत मागे घ्याव्या लागल्या, ईलिंगमध्येही अनेक ठिकाणच्या पुढे काढल्या गेल्या. जिथे धीराने बोलणे झाले, आकडे मोजले गेले, तिथल्या टिकल्या. विश्वास आधी कमवावा लागतो. कठडे उभे केल्यावर तो गोळा करता येत नाही.

आणि बंदी लांबली की तिच्याभोवती पोट भरणारी माणसे उभी राहतात, हे माथेरानने आपल्याला दाखवले आहे. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. २००३ मध्ये केंद्राने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. हवा स्वच्छ राहिली, शांतता राहिली, हे मोठेच काम झाले. पण नाक्यापुढे माणसांनी माणसांना ओढायच्या हातरिक्षा चालत राहिल्या. ई-रिक्षांवरून घोडेवाले, रिक्षाओढे आणि रहिवासी यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा. मोटार थांबवण्याचा निर्णय योग्यच होता. थांबलेल्या मोटारीपासून घरापर्यंत म्हातारा माणूस, आजारी माणूस, गॅसचा सिलिंडर आणि तांदळाचे पोते कसे जाणार, हे त्याच वेळी ठरवले गेले नाही, म्हणून ते ओझे सर्वांत गरीब माणसाच्या खांद्यावर पडले.

पुळ्यात तेच होऊ शकते. वाहने बाहेर थांबवली की बाहेरची मोकळी जागा सोन्याच्या भावाची होते. कोणाच्या कातळावर, कोणाच्या भाताच्या मळ्यात पार्किंग उभे राहते. बॅरिकेड शंभर मीटर अलीकडे की पलीकडे, यावर कोणाच्या जागेत गाड्या जाणार हे ठरते. आतला दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो, बाहेरचा पावत्या फाडतो. रिक्षावाल्याला आत सोडले तर त्याचा दिवस सोन्याचा, नाही सोडले तर उपवास. म्हणून बॅरिकेडची जागा ही निव्वळ वाहतुकीची बाब राहत नाही. तिच्यात पैसा आहे, आणि जिथे पैसा आहे तिथे जागा कोणी व का ठरवली हे सर्वांना दिसले पाहिजे. कोणावर आरोप करण्यासाठी मी हे म्हणत नाही. पारदर्शक कागद असला की प्रामाणिक अधिकाऱ्यावरचा संशयही आपोआप टळतो.

ग्रामपंचायतीच्या अधिनियमात, म्हणजे १९५८ च्या मूळ कायद्यात, पंचायतीला कर आणि फी लावायचे जे अधिकार कलम १२४ खाली दिले आहेत त्यांत यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचा कर आहे, बैलगाड्या आणि टांगे उभे करण्याच्या तळांची फीसुद्धा आहे. कायदा लिहिताना डोळ्यांसमोर टांगा होता. पण त्यामागचा विचार आजही लागू पडतो: बाहेरून येणाऱ्याच्या सोयीचा खर्च गावाने एकट्याने सोसू नये, आणि येणाऱ्याने दिलेला पैसा गावाच्या हिशेबात दिसावा. पार्किंगची जागा पंचायतीने ठरवावी, दर फलकावर लिहावा, जमा-खर्च ग्रामसभेत वाचावा. त्यातून वेशीपासून देवळापर्यंत म्हाताऱ्या-अपंगांसाठी विजेवरची गाडी चालवता येईल.

आता एका वेगळ्या बंदीकडे वळतो, जिच्याविषयी कोणी बातमी देत नाही. ती सणाला लागत नाही आणि संपतही नाही. कोकणातल्या गावांत घराघरांना, आगरांना, समुद्राला जोडणाऱ्या पाखाड्या आणि पायवाटा असतात. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये एखादे बेडे. या वाटा कोणाच्या सातबाऱ्यावर ठळक लिहिलेल्या नसतात. त्या वहिवाटीने चालत आलेल्या असतात. शेजारच्याच्या आवारातून पाणंदीला जायचे, त्याच्या पोफळीतून समुद्राकडे उतरायचे, यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मग किनाऱ्याची जमीन विकली जाते. नवा मालक चार बाजूंनी चिऱ्याची भिंत घालतो, लोखंडी फाटक बसवतो, पहारेकरी ठेवतो. गावातली म्हातारी नेहमीच्या वाटेने निघते आणि फाटकापाशी तिला विचारले जाते, कोण पाहिजे?

अंगारकीच्या बॅरिकेडपेक्षा हा अडथळा मला जास्त काळजीचा वाटतो. बॅरिकेड संध्याकाळी निघेल, भिंत निघत नाही. आणि इथे कायद्याची घड्याळे गावाच्या विरुद्ध धावतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे शेताकडे जाणारी रूढ वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, हक्काने, अखंड २० वर्षे वापरलेली वाट हक्काची होते. पण सलग २० वर्षे वापरली नाही तर तो हक्क विझतो. कोकणातल्या घरांना कुलपे लागून किती वर्षे झाली याचा हिशेब प्रत्येकाने मनात करावा. पोरे मुंबईत, आईवडील थकलेले, आगराकडे कोणी उतरत नाही. वाट गवतात जाते. वीस वर्षांनी नातू गावी येतो तेव्हा भिंतीविरुद्ध बोलायला त्याच्याकडे काहीच उरलेले नसते.

सार्वजनिक वाट असेल तर ग्रामपंचायत हातात काठी घेऊन बसलेली आहे. ग्रामपंचायतीच्या अधिनियमाच्या कलम ५३ खाली गावातल्या सार्वजनिक रस्त्यावर भिंत, कुंपण, कठडा, खांब किंवा टपरी उभारून अडथळा केला तर तो काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. पंचायत हलली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना आहे. सार्वजनिक मार्गावरचा बेकायदा अडथळा हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात. अधिकार भरपूर आहेत. वाटांची यादी मात्र नाही. कोणती वाट सार्वजनिक, कोणती वहिवाटीची, कोणती निव्वळ शेजारधर्माची, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना घेऊन वाडीवाडीतून चालावे, प्रत्येक वाट गावनकाशावर रेघून घ्यावी, ग्रामसभेत वाचून ठराव करावा. ठरावाने मालकी बदलत नाही, पण उद्या वाद झाला तर पुरावा उभा राहतो.

देवाधर्माचे कारण पुढे करून या सगळ्याला बगल देता येणार नाही. रस्त्यावरच्या मंडपांचा आणि आवाजाचा प्रश्न ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०१६ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की रस्ता अडवून मंडप घालणे हा कोणाच्या धर्माचरणाचा हक्क होत नाही. तोच न्याय उलट बाजूनेही लागतो. देवाच्या दर्शनाची गर्दी आहे एवढ्यावरून गावकऱ्याच्या घराची वाट अडवायचा मोकळा परवाना कोणाला मिळत नाही. आणि पुळ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी. या गावात घरोघरी गणपती बसवण्याची प्रथा नाही. डोंगरातला स्वयंभू हाच सगळ्यांचा. भाद्रपद चतुर्थीला गाव त्याच्याच पाया पडायला जाते. सामाईक गोष्ट कशी सांभाळायची हे ज्या गावाने देवाच्या बाबतीत जपले, त्याला रस्त्याच्या बाबतीत ते जमेल असा माझा विश्वास आहे.

घाई करण्याचे कारणही आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल घालण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळ हाती घेत आहे. आज जयगड ते तवसाळ फेरीबोटीने जावे लागते. त्या खाडीवर पूल झाला की गुहागरकडचा पर्यटक थेट पुळ्याच्या परिसरात येईल. बोटीच्या फेऱ्या आज नकळत गर्दीला आवर घालतात. पूल तो आवर काढून टाकेल. जयगड बंदराकडची अवजड वाहने आधीच या पट्ट्यात आहेत. आज अंगारकीला दिसणारी गर्दी उद्या दर शनिवार-रविवारी दिसू लागली, तर दर आठवड्याला तोंडी आदेशावर गाव बंद होणार आहे काय?

म्हणून काय करावे हे मी नेमके मांडतो. वर्षाच्या सुरुवातीला पंचांग समोर ठेवून ग्रामपंचायत, संस्थान, जयगडचे पोलीस, बांधकाम विभाग आणि आरोग्य केंद्र यांनी गर्दीच्या दिवसांची यादी करावी. त्या दिवसांसाठी एकच मसुदा असावा आणि तो आधी ग्रामसभेत वाचला जावा. बंदीचे तास, बॅरिकेडच्या जागा नकाशासह, रुग्णवाहिकेची मार्गिका, रहिवाशांचे पास. पास घरटी द्यावेत, आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नको, नाहीतर चाकरमान्याचे पुन्हा तेच होणार. रिक्षांसाठी ठरावीक फेऱ्या, दुकानदारांच्या मालासाठी पहाटेचे दोन तास. मग जिल्हा प्रशासनाने कलम ११५ खाली आदेश काढावा आणि तो निवळी फाट्यावर, आरे-वारेच्या सुरुवातीला, चाफ्याला आणि प्रत्येक बॅरिकेडवर मराठीत व कन्नडमध्ये लावावा. सराफी पेढीच्या जाहिरातीइतकी जागा त्याला नक्कीच मिळेल. बॅरिकेड हटवण्याची वेळ आणि हटवणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याच कागदावर असावे. पहिले वर्ष प्रयोगाचे मानावे. प्रत्येक अंगारकीनंतर काय चुकले ते लिहून ठेवावे आणि पुढच्या ग्रामसभेत त्यावर बोलावे. ज्या हवालदाराला उन्हात उभे राहायचे आहे त्यालाही याचा सर्वांत मोठा आधार मिळेल. तो कागदाकडे बोट दाखवू शकेल.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. विषय लेखी दिला तर तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावता येतो. गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, भंडारपुळे इथल्या रहिवाशांना, आणि मुंबई-पुण्यात राहून मतदान गावी करणाऱ्यांनाही, माझी विनंती आहे: पुढच्या अंगारकीची तारीख पाहा, तिच्या आधीची ग्रामसभा कधी ते सरपंचांना विचारा, आणि 'गर्दीच्या दिवसांतील रस्ताबंदीचा लेखी आदेश व गावातील वाटांची नोंद' हा विषय आपल्या सहीने पंचायतीच्या आवक नोंदवहीत दाखल करून पोच घ्या.